पक्कं की सुटं

मी आडवा पडूनच बोलतोय. उभं राहिलं की मला भीती वाटते, आणि भ्यालेल्याला नीट बोलता येत नाही.

मी अ‍ॅल्युमिनिअमचा पाइप आहे. लांबी अठरा फूट. नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या धरणाच्या पाण्यावर, बरीच वर्षं मी एका शिडाच्या होडीची डोलकाठी होतो, पण माझा जन्म काही त्यासाठी झाला नव्हता. कारखान्यात आमचा रस ओतला तेव्हा त्यातल्या काहींच्या तारा ओढल्या गेल्या, काहींचे पाइप झाले. तारांना जन्मभर उंच टांगून राहायचं आणि आम्हाला मातीवर लोळायचं. मला वाटलं, आपलं बरं झालं.

मी पैठणच्या रस्त्याला आप्पासाहेबांच्या शेतात आलो. एकेका पाइपला दुसरा जोडायचा, मधे मधे फवारे लावायचे आणि भुईमुगावर पाऊस पाडल्यासारखं पाणी उडवायचं, हे आमचं काम. आम्हाला उचलून या वावरातून त्या वावरात नेणारा सालगडी म्हणजे सांडू. तो मला खांद्यावर घ्यायचा तेव्हा त्याचं डोकं माझ्या अंगाला टेकायचं. चालताना तो गुणगुणायचा आणि ते माझ्या पोकळीत घुमायचं. तेव्हा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

एका सकाळी माझ्यातून पाणी जाईना. आत बेडूक अडकला होता. सांडूनं मला जोडातून सोडवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि आतलं झटकून काढायला सरळ उभं केलं. वर तारा होत्या. त्या रोजच होत्या, म्हणून कुणाला दिसत नव्हत्या. काम करताना माणूस खाली बघतो.

पुढचं मी फार सांगणार नाही. माझं वरचं टोक तारेला लागलं आणि त्या तारेतलं सगळं माझ्यातून खाली सांडूच्या हातांत गेलं. त्याचे हात मला सोडत नव्हते. मला सोडता येत असतं तर मी सोडलं असतं. त्याची बायको दगडाबाई भाकरी घेऊन बांधावर आली होती, ती धावली. आप्पासाहेबांनी तिला कमरेला धरून मागं ओढलं, म्हणून ती तरी वाचली.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. वर्षभर मी गोठ्यामागं गवतात पडून होतो. कुणी जवळून गेलं तरी मी घाबरायचो, याला काही होऊ नये म्हणून. शेवटी आप्पासाहेबांनी मला भंगारात दिलं. काळं पडलेलं टोक घेऊन मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, छावणीच्या बाजारात फारूख भंगारवाल्याकडं जाऊन पडलो.

तिथं मला बद्रीनाथनं पाहिलं.

बद्रीनाथ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. नोकरीत असताना पुण्याकडच्या एका तळ्यावर त्याला शिडाची होडी चालवायला शिकवलं होतं, आणि ते त्याच्या अंगात मुरलं होतं. त्याची थोरली बहीण लक्ष्मीबाई नाथसागराच्या पलीकडं, शेवगावच्या बाजूला दिलेली. धरण व्हायच्या आधी अलीकडच्या काठावरून नदी ओलांडून तासाभरात तिच्याकडं जाता यायचं. धरणाचं पाणी पसरलं आणि दोन गाड्या बदलून पैठणवरून वळसा घालावा लागू लागला. आक्काचे डोळे अधू होत चालले होते. तिला एकटीनं बस बदलणं जमत नव्हतं. बद्रीनाथनं ठरवलं, होडी बांधायची आणि सरळ पाण्यावरून जायचं.

होडी बांधली गयासनं. छावणीत त्याचं सुतारकामाचं आणि वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्याचा हात बसला होता, पण होडी त्यानं आयुष्यात कधी बांधली नव्हती, आणि पाण्याला तो भीत होता. काठावर उभं राहिलं तरी त्याला गरगरायचं. म्हणूनच असेल, तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा.

बद्रीनाथकडं एक वही होती. पानाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला त्यानं ‘पक्कं’ लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘सुटं’. होडीतली एकेक वस्तू घेऊन दोघं वाद घालायचे.

“बैठका?”

“पक्क्या,” गयास म्हणाला. “त्याच दोन्ही कडांना धरून ठेवतात. सुट्या केल्या तर होडी उकलंल.”

“तळाच्या फळ्या?”

“त्या सुट्या. खाली गाळ साचणार. आणि गळतंय कुठं ते फळी उचलल्याबिगर कसं दिसंल?”

सुकाणू सुटं ठरलं, कारण काठाला पाणी उथळ. होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायची मधली फळीही सुटी, पण तिची पेटी पक्की. पानाच्या खाली बद्रीनाथनं लिहिलं, ‘जे सुटं ते दोरीनं बांधलेलं’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मी भिंतीला आडवा लावलेला, हे सगळं ऐकत होतो. माझी पाळी येऊ नये असं मला वाटत होतं.

माझ्यावर आठ दिवस वाद चालला.

“डोलकाठी पक्की,” बद्रीनाथ म्हणाला. “वाऱ्याचा सगळा जोर तिच्यावर येतो. पायाशी जरा ढिली राहिली तर हलून हलून तळ फाडंल. आरपार बोल्ट घाल आणि विषय संपव.”

“मी बिजागरी लावतो हवालदारसाब. पायाशी एक आडवा बोल्ट, त्याच्यावर काठी कलंल. त्याच्या खाली नुसती एक खीळ. खीळ उपसली, पुढची दोरी सोडली, की काठी मागं झोपली. टेम्पोतनं न्यायला बी सोपी.”

“टेम्पोत ती वर्षातनं दोनदा जाईल, पाण्यावर रोज राहील. मग सोय कुणाची बघायची?”

“जे निघत नाय ते टाइम आला की तोडावं लागतं.”

“आणि जे निघतं ते नको तवा निघतं. भर वाऱ्यात खीळ निसटली तर?”

दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच माझा जीव खालीवर होत होता. पक्कं केलं तर मी कायमचा उभा. सुटं केलं तर कधीतरी कुणाच्या अंगावर कोसळणार.

मग गयास मला पॉलिश कागदानं घासायला बसला. काळ्या टोकापाशी धातू वितळून पडलेला एक खड्डा त्याच्या बोटाला लागला. त्यावरून तो दोनदा बोट फिरवत राहिला, मग उठून फारूखकडं गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं आधी ते टोक करवतीनं दोन फूट कापून टाकलं, मग बद्रीनाथला सांगितलं.

“ह्याला धरून एक माणूस गेलाय.”

बद्रीनाथनं कापलेलं टोक उचलून पाहिलं. “पाइपचा काय दोष त्यात?”

“दोष नाय. पण उभा पाइप आन् वर तार, हे एकदा झालंय. ह्याला झोपवता आलंच पायजे.”

“पाण्यावर तार कुठाय?”

“उतरायच्या जाग्याला, ओढ्यात धरणाचं पाणी शिरून फाटा झालाय ना, त्याच्यावरून पाण्याच्या मोटारींची विजेची लाइन गेलीय. मी बघून आलोय.”

“ती? ती केवढी वर हाय.”

“आज हाय,” गयास म्हणाला.

शेवटी बिजागरी बसली. पण खिळीच्या जागी बद्रीनाथनं दोन जाड बोल्ट घालायला लावले आणि पान्यावर सगळा भार देऊन ते स्वतः आवळले. माणसाला ज्याची धास्ती असते ते तो आवळत राहतो, असं मी पाहिलंय. गयासनं विचारलं, “मग बिजागरी कशापायी लावली?” बद्रीनाथ म्हणाला, “तुझ्या समाधानासाठी.”

वहीत माझं नाव ‘सुटं’च्या खाली लिहिलं गेलं. प्रत्यक्षात मी पक्का होतो, आणि हे आम्ही तिघंच जाणत होतो.

माझ्या दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली. मला उभं धरून ठेवायला दोन बाजूंना तारांचे आणि पुढं दोरीचा असे ताण लावले, शीड चढलं. उन्हाळ्याच्या शेवटी होडी पाण्यात उतरली. पहिल्यांदा वारा भरला तेव्हा माझ्या अंगातून एक बारीक घुमारा निघाला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. बद्रीनाथ सुकाणूपाशी बसून हसत होता. पण परत येताना फाट्यावरच्या तारा दिसल्या आणि घुमारा माझ्यातच थिजला. त्या खूप वर होत्या. आम्ही खालून सहज गेलो. तरी पलीकडं निघेपर्यंत मी आत आखडून होतो.

बद्रीनाथनं वर बघितलंसुद्धा नाही.

पावसाळ्यात होडी काठावर उपडी होती आणि मी तिच्या शेजारी ताडपत्रीखाली. या काळात धरणात पाणी येत राहिलं, रोज थोडं. फाट्यातल्या बाभळी कमरेपर्यंत बुडाल्या, मग शेंड्यापर्यंत. तारा जागच्या जागीच होत्या. पाणी त्यांच्याकडं चढत होतं.

भाद्रपदात उघडीप मिळाली. लक्ष्मीबाईला आता माणूस ओळखू येईना. शहरातल्या सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. बद्रीनाथनं मला उभं केलं, बोल्ट पुन्हा आवळले आणि तिला आणायला निघाला. गयास त्या दिवशी पहिल्यांदाच होडीत बसला. मधल्या फळीची पेटी कुठून गळते ते होडी चालत असतानाच कळणार होतं. हत्याराची पिशवी त्यानं पोटाशी बांधली होती आणि जाताना सगळा वेळ डोळे मिटून होता. फाट्याबाहेर पडताना वारा समोरून होता, म्हणून शीड न लावता दोघंही माझ्याकडं पाठ करून, मान खाली घालून वल्ही मारत होते. कडेकडेनं, जिथं तारा खांबापाशी उंच असतात तिथून, आम्ही निघून गेलो. किती थोडक्यात निघालो ते मलाच माहीत.

पलीकडून लक्ष्मीबाई होडीत बसली. गाठोडं मांडीवर, एक हात माझ्या अंगावर. “हा कसला रं खांब?” तिनं विचारलं. “डोलकाठी, आक्का. घट्ट धर तिला,” बद्रीनाथ म्हणाला. नांगर उचलतोय म्हटल्यावर ती हसली, पाण्यात काय नांगरता म्हणून.

परतताना वारा पाठीमागून होता आणि वाढत चालला होता. आम्ही फाट्याच्या तोंडाशी आलो, वळण घेतलं, आणि गयासनं डोळे उघडले.

“हवालदारसाब. तार.”

बद्रीनाथनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जाताना मी पाहिला. मधोमध तारा लोंबून इतक्या खाली आल्या होत्या की माझा शेंडा त्यांच्या बरोबरीनं दिसत होता.

त्यानं झटक्यात शीड खाली सोडलं. होडी थांबली नाही. वारा आता नुसत्या होडीला आणि मला ढकलत होता. त्यानं नांगर टाकला. खाली धरणाचा मऊ गाळ, नांगर त्यातून लोण्यातून जावा तसा ओढत आला. वल्हं उचललं, पण वाऱ्यापुढं एका वल्ह्याचं काही चालेना.

“बोल्ट काढ,” तो ओरडला.

गयासनं पाना लावला. पहिला बोल्ट निघाला. दुसऱ्याचा नट फिरवला तर बोल्टही सोबत फिरायला लागला. गयास एका हातानं पक्कड लावायचा, दुसऱ्या हातानं पाना, आणि होडी हेलकावली की पक्कड सुटायची. त्याची बोटं रक्ताळली. मला तो बोल्ट जाणवत होता, माझ्या पायातून आरपार गेलेला. त्या क्षणी मी फक्त एवढंच मागत होतो की मला मोडा, कापा, पण माझ्या अंगावरचे हात काढा. लक्ष्मीबाईचा हात अजून माझ्यावर होता. तिला काही दिसत नव्हतं. भावानं घट्ट धर म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती धरून होती.

“निघत नाय,” गयास म्हणाला.

“सोड मग. आक्का, काठी सोड. दोघंबी माझ्याकडं सरका, ह्या कडंला.”

“काय झालं रं बद्री?”

“होडी उलटी करायचीय.”

लक्ष्मीबाई जागची हलली नाही. “मला पवता येत नाय.”

“गयासलाबी येत नाय. आक्का, मी हाय. सरक.”

तिनं हात काढला आणि आवाजाच्या दिशेनं सरकली. गयास तिच्या मागं. तिघांनी एकाच कडेवर आपला सगळा भार टाकला. होडी कलली, थांबली, परत सरळ व्हायला लागली. बद्रीनाथ कडेच्या बाहेर लोंबकळला. आणि मग ती एकदम आडवी झाली, मी तिच्याबरोबर आडवा झालो, आणि पाणी माझ्या अंगावर आदळलं.

पाणी गार होतं. बुचांमुळं मी बुडलो नाही. तिघं माझ्याभोवती वर आले. लक्ष्मीबाईला बद्रीनाथनं काखेत धरलं होतं. गयासनं मला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, अल्ला, अल्ला. आम्ही तसेच तारांच्या खालून वाहत गेलो. मी वर पाहिलं. त्या वाऱ्यानं हलत होत्या आणि त्यांच्यातून बारीक आवाज येत होता.

पलीकडं कडूबा नावाचा मासेमार ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत होता. त्यानं दोरी फेकली, आणि काठावरच्या दोघांनी मिळून ओढून घेतलं. काठावर आल्यावरही गयासचे हात मला सोडेनात. बद्रीनाथनं एकेक बोट सोडवलं.

“तुझं बरोबर होतं,” तो म्हणाला.

गयास ओल्या अंगानं उठला, चालत रस्त्यापर्यंत गेला आणि मिळेल त्या वाहनानं घरी गेला. लक्ष्मीबाईला ताप भरला. ऑपरेशनची तारीख हुकली. बरी झाल्यावर ती पैठणवरून वळसा घालून, नातेवाइकाचा हात धरून आपल्या गावी परत गेली.

बद्रीनाथनं तो बोल्ट करवतीनं कापून काढला. मग तो मला घेऊन गयासच्या दुकानात गेला आणि दारातच उभा राहिला. गयासनं एक खीळ घडवली, अंगठ्याएवढी जाड, वर कडी. तिला हातभर दोरी बांधली. पुढचा ताण सुकाणूपाशी नेऊन बांधला, म्हणजे बसल्या जागेवरून दोरी ढिली करता येईल. खीळ उपसल्यापासून मी खाली टेकेपर्यंत बद्रीनाथ आकडे मोजायचा. नऊपर्यंत आलं तरी त्याला ते जास्त वाटायचं.

पण होडीत बसायला आता कुणी तयार नव्हतं. गयासनं पुन्हा कधी पाण्यावर पाय ठेवला नाही. बद्रीनाथ एकटाच जायचा, आणि तारा दिसायच्या कितीतरी आधी मला झोपवून वल्ही मारत यायचा. खीळ निसटेल की काय म्हणून मी वाऱ्यात घाबरायचो, ती अडकेल की काय म्हणून तारांजवळ घाबरायचो. सुटं असण्यात ही दोन्ही भयं असतात.

भाऊबीजेला तो पलीकडं गेला. ओवाळून, जेवण करून परत निघाला तर लक्ष्मीबाई काठीनं चाचपत पाण्यापर्यंत आली. हातात गाठोडं होतं.

“दवाखान्यात ने मला.”

“उद्या बसनं जाऊ, आक्का. पैठणवरून.”

“उद्या न्हाय. बसमधी मला कुणीबी कुठंबी बसवतं आन् इसरतं. हितं तू तरी हायेस.” ती होडीत चढली, चाचपत माझ्यापाशी आली आणि खाली बसली. “ती खीळ कुठाय? माझ्या हातात दे.”

“आक्का, ती मी...”

“मला तार दिसत न्हाय. तू बगून सांग, मी उपसते. मागच्या खेपंला मी नुसती बसून हुते. आता न्हाय बसायची.”

सगळी वाट तिचं बोट खिळीच्या कडीत होतं. मी थरथरत होतो, आणि ते वाऱ्यानं नव्हतं. दर थोड्या वेळानं ती विचारायची, आली का? बद्रीनाथ म्हणायचा, अजून न्हाय. फाट्याचं तोंड आलं. त्यानं शीड उतरवलं.

“आता, आक्का.”

तिनं खीळ उपसली. बद्रीनाथनं दोरी हळूहळू सोडली आणि मी मागं कलत कलत तिच्या खांद्यावर येऊन टेकलो. तिनं मला पदरासकट धरलं. वल्ह्यांच्या आवाजात आम्ही तारांखालून गेलो. ती मान खाली घालून बसली होती.

“गेली का?”

“गेली.”

मग तिनं श्वास सोडला, तो माझ्या अंगाला लागला.

ऑपरेशन झालं. पंधरा-वीस दिवसांनी हिरवी पट्टी काढून, चष्मा लावून ती परत निघाली. पुन्हा खिळीपाशीच बसली. या खेपेला तिनं स्वतः तारा पाहिल्या, आणि बद्रीनाथनं सांगायच्या आधीच खीळ उपसली. मी तिच्या खांद्यावर होतो. तारांखालून जाताना तिनं मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिली.

“एवढीशी?” ती म्हणाली. “एवढीशी बारीक हाय व्हय?”

बद्रीनाथ वल्ही मारत राहिला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. लक्ष्मीबाई गेली, बद्रीनाथ गेला. होडीच्या फळ्या कुजल्या. गयासच्या मुलीनं, शमशादनं, मला दुकानात आणून छपराखाली आडवं टांगलंय. दुकान आता तीच चालवते. लोक येतात, वर बघतात आणि विचारतात, हा पाइप देता का? कुणाला झेंड्यासाठी हवा असतो, कुणाला गच्चीवर मांडवासाठी. शमशाद नाही म्हणते. पण ती कायम दुकानात नसते, आणि कुणीतरी बोलायला लागलं की मी अजून आखडतो.

कधी न्यायचंच झालं मला, तर दोघं मिळून न्या आणि आडवाच न्या. उभं करायच्या आधी एकदा मान वर करा. तार बारीक असते. ज्यांना ती दिसत नव्हती त्यांचे हात मला अजून जाणवतात. तुमचेही हात मला तसे जाणवत राहायला नकोत.